कमरेच्या हाडाचा कर्करोग : शस्त्रक्रिया की किरणोपचार?

किलवणी, खानवेल किंवा मांदोनीसारख्या गावात एखाद्या मुलाचा खुबा दुखू लागला, की घरच्यांच्या मनात पडणे, मुरगळणे किंवा सिकलसेलचे दुखणे हीच कारणे प्रथम येतात. बहुतेक वेळा ती बरोबरही असतात. मात्र महिना-दीड महिना उलटूनही वेदना वाढत गेली, रात्री झोपेतून जाग येऊ लागली, चालताना लंगड दिसू लागली किंवा कमरेच्या बाजूला कडक फुगवटा हाताला लागला, तर श्रोणीच्या हाडातील गाठीची शक्यता तपासून पाहावी लागते. अशी गाठ क्वचितच आढळते. पण आढळली, की कुटुंबासमोर लगेच एक प्रश्न उभा राहतो : ऑपरेशन करायचे, की किरणोपचार घ्यायचे?

या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. गाठ कोणत्या पेशींची आहे आणि ती श्रोणीच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, या दोन गोष्टींवर ते ठरते. त्या समजण्याआधी घाईने केलेली एखादी कृती पुढचे चांगले पर्याय बंद करू शकते. म्हणून दोन्ही उपचारांची तुलना करताना सुरुवात निदानापासूनच करणे योग्य.

श्रोणी : जागा अवघड का?

कमरेच्या दोन्ही बाजूंची रुंद हाडे, पुढची जघनाची हाडे, बसताना टेकणारी हाडे आणि मागचे त्रिकास्थी मिळून जे कडे तयार होते, ते म्हणजे श्रोणी. धडाचा भार याच कड्यातून दोन्ही पायांवर उतरतो. कड्याच्या आत मूत्राशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय व बीजकोश असतात. पायाकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या आणि शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू हाडाला लागूनच जातात.

या पोकळीत गाठीला वाढायला भरपूर जागा मिळते. हातापायाच्या हाडावरची गाठ लवकर नजरेस येते. श्रोणीतली गाठ मात्र नारळाएवढी होईपर्यंत बाहेरून दिसत नाही. त्यामुळे निदान होते तेव्हा ती बहुधा मोठी झालेली असते. शल्यचिकित्सकाला तिच्याभोवती निरोगी ऊतीचा थर ठेवून ती काढणे कठीण जाते, आणि किरणतज्ज्ञालाही आतडे व मूत्राशय वाचवून पुरेशी मात्रा देणे कठीण जाते. दोन्ही उपचारांच्या मर्यादा या एकाच शरीररचनेतून येतात.

सुरी लागण्याआधी

खुब्याच्या दुखण्याची कारणे आपल्या भागात अनेक आहेत. सिकलसेल असलेल्या रुग्णांत मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते झिजते. क्षयरोग खुब्यात आणि त्रिकास्थीजवळच्या सांध्यात शिरतो. हाडात पू होतो. युइंग सार्कोमा या कर्करोगात तर ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात आणि चित्र हुबेहूब जंतुसंसर्गासारखे दिसते. म्हणून केवळ लक्षणांवरून क्षयरोगाची औषधे महिनोन्‌महिने देत राहणे जसे धोक्याचे, तसेच पू समजून चिरा देणेही धोक्याचे आहे. हाडवैद्याकडून मालिश करून घेणे तर पूर्णपणे टाळावे.

प्रथम साधा एक्स-रे, मग श्रोणीचा एमआरआय, फुप्फुसांचा सीटी स्कॅन आणि संपूर्ण शरीरातील हाडांची तपासणी किंवा पेट स्कॅन, असा क्रम असतो. एमआरआय बायोप्सीच्या आधी झालेला बरा, कारण सुई लागल्यानंतर झालेला रक्तस्राव चित्र धूसर करतो.

बायोप्सी हा सर्वांत निर्णायक टप्पा आहे. सुई ज्या मार्गाने आत जाते, त्या मार्गावर गाठीच्या पेशी सांडू शकतात. म्हणून पुढे शस्त्रक्रिया झाली तर तो संपूर्ण मार्ग गाठीबरोबरच कापून काढावा लागतो. चुकीच्या जागेवरून, विशेषतः नितंबाच्या स्नायूंतून सुई घातली, तर जखम झाकण्यासाठी लागणारा स्नायूच वापरता येत नाही. त्यामुळे ज्या केंद्रात पुढची शस्त्रक्रिया व्हायची, त्याच केंद्रात किंवा तेथील शल्यचिकित्सकाच्या सल्ल्याने बायोप्सी करावी. सिल्वासाच्या श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये प्राथमिक तपासणी करून घेतली, तरी गाठीचा संशय येताच कर्करोग केंद्राकडे पाठवणी मागावी.

पेशीप्रकार ठरवतो पहिला कौल

श्रोणीच्या हाडातच सुरू होणारे कर्करोग प्रामुख्याने चार प्रकारचे असतात, आणि किरणांना ते सारखा प्रतिसाद देत नाहीत.

कॉन्ड्रोसार्कोमा हा कूर्चेसारख्या ऊतीचा कर्करोग मुख्यतः प्रौढांत होतो आणि श्रोणी ही त्याची आवडती जागा आहे. नेहमीच्या प्रकारच्या कॉन्ड्रोसार्कोमावर केमोथेरपीचा फारसा परिणाम होत नाही आणि किरणांनाही तो दाद देत नाही. येथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. हाताच्या हाडातील सौम्य प्रतीची अशी गाठ खरवडून काढली तरी चालते. श्रोणीत मात्र तीच गाठ निरोगी कडेसह संपूर्ण काढावी लागते, कारण येथे ती परत येण्याची प्रवृत्ती अधिक असते.

ऑस्टिओसार्कोमामध्ये आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. किरणोपचार गाठ काढता न आल्यास किंवा कडेला पेशी उरल्यास वापरले जातात, आणि त्यांची मात्रा बरीच जास्त ठेवावी लागते.

कॉर्डोमा त्रिकास्थीत हळूहळू वाढतो. तो पूर्ण काढणे हा प्रस्थापित मार्ग आहे. पण त्यासाठी मूत्राशय व गुदद्वाराच्या नसा तोडाव्या लागणार असतील, तर प्रोटॉन किंवा कार्बन आयन किरणांचा पर्याय गंभीरपणे विचारात घेतला जातो. जपानमधील चिबा येथे १९९४ पासून कार्बन आयन उपचार दिले जात आहेत.

युइंग सार्कोमा हा मुलांचा आणि तरुणांचा कर्करोग. त्याच्या सुमारे एक चतुर्थांश गाठी श्रोणीत सुरू होतात. न्यू यॉर्कचे विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये या रोगाचे वेगळे वर्णन केले, तेव्हाच तो किरणांना चांगला प्रतिसाद देतो हे त्यांच्या लक्षात आले होते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांच्यातील खरी निवड बहुतांशी याच रोगात करावी लागते.

शस्त्रक्रिया : काय मिळते, काय जाते

विल्यम एनेकिंग आणि डनहॅम या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९७८ मध्ये श्रोणीचे शस्त्रक्रियेच्या दृष्टीने भाग पाडले. ती विभागणी आजही जगभर वापरली जाते, आणि रुग्णाला पुढचे आयुष्य कसे असेल हे समजण्यासाठीही ती उपयोगी आहे.

पहिला भाग कमरेच्या वरच्या रुंद हाडाचा. खुब्याची खोबण शाबूत ठेवून हा भाग काढता आला, तर बहुतेक रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायावर चालतात. दुसरा भाग खोबणीचा, म्हणजे खुब्याच्या सांध्याचा. हा गेला की सर्वाधिक नुकसान होते : पाय काही सेंटिमीटर आखूड होतो, चपलेला उंची द्यावी लागते, काठीची सवय करावी लागते. तिसरा भाग पुढच्या व खालच्या हाडांचा. तो काढल्यावर बहुधा कृत्रिम हाड बसवावे लागत नाही. चौथा भाग त्रिकास्थीचा. तेथील तिसऱ्या क्रमांकाचा मज्जातंतू निदान एका बाजूला वाचला, तर लघवी व शौचावरील नियंत्रण पुष्कळदा टिकते. दोन्ही बाजूंचे वरचे मज्जातंतू गेले, तर ते जाते.

पाय राखून श्रोणीचा भाग काढणे आज बहुतेकांत शक्य होते. पायाचा मुख्य मज्जातंतू, मुख्य रक्तवाहिन्या आणि खुब्याचा सांधा या तिन्हींपैकी दोन गोष्टी गाठीने व्यापल्या असतील, तर मात्र पायासह अर्धी श्रोणी काढण्याचा विचार करावा लागतो, कारण उरलेला पाय कामाचा राहत नाही.

काढलेल्या हाडाच्या जागी काय बसवायचे, याचेही पर्याय आहेत. धातूचा मापानुसार घडवलेला सांधा बसवता येतो, मांडीचे हाड वर सरकवून उरलेल्या हाडाशी टेकवता येते, किंवा काहीच न बसवता तेथे घट्ट तंतूंचा सांधा तयार होऊ देता येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वापरली जाणारी एक पद्धत दोन्ही उपचारांचा मेळ घालते : गाठ असलेला हाडाचा तुकडा कापून बाहेर काढतात, त्यावरील गाठीची ऊती साफ करतात, त्या तुकड्याला शरीराबाहेरच ५० ग्रे इतकी मात्रा एकाच वेळी देतात आणि तोच तुकडा पट्ट्या-स्क्रूंनी परत बसवतात. ग्रे हे ऊतीत शोषल्या गेलेल्या किरणांचे माप आहे. जिवंत रुग्णाला एकदम देता येणार नाही अशी ही मात्रा सुट्या हाडाला देता येते, आणि रुग्णाला स्वतःचेच, अचूक मापाचे हाड परत मिळते.

या शस्त्रक्रियांची किंमतही मोठी आहे. त्या कित्येक तास चालतात, रक्त पुष्कळ लागते, जखमेत संसर्ग होण्याचे प्रमाण हातापायाच्या शस्त्रक्रियांपेक्षा बरेच अधिक असते. जखम भरायला उशीर झाला तर पुढची केमोथेरपी लांबते, आणि युइंग किंवा ऑस्टिओसार्कोमामध्ये तो उशीर परवडणारा नसतो. सिकलसेल असलेल्या रुग्णाला भूल देताना प्राणवायू, पाणी व तापमान यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. म्हणून ती माहिती भूलतज्ज्ञाला आधीच सांगावी.

किरणोपचार : काय मिळते, काय जाते

किरणोपचारात कापणे नाही, हाड जागेवर राहते, सांधा राहतो. युइंग सार्कोमासाठी मुख्य उपचार म्हणून प्रचलित मात्रा ५५.८ ग्रे आहे. ती रोज १.८ ग्रे याप्रमाणे, आठवड्यातून पाच दिवस, ३१ वेळा देतात. म्हणजे सहा आठवड्यांहून थोडा अधिक काळ. शस्त्रक्रियेच्या आधी किंवा नंतर जोड म्हणून द्यायचे असल्यास मात्रा साधारण कमी असते.

उपचाराच्या काळात कातडी लालसर होऊन सोलवटते, जुलाब होतात, लघवीला जळजळ होते. हे त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतात. खरा विचार दीर्घकालीन परिणामांचा करायला हवा. वाढत्या वयातल्या मुलाच्या श्रोणीची त्या बाजूची वाढ खुंटते. हाड ठिसूळ होऊन पुढे मोडू शकते, खुब्याचा सांधा लवकर झिजतो. मुलींच्या बीजकोशांवर आणि मुलांच्या वृषणांवर परिणाम होऊन अपत्यप्राप्तीची क्षमता जाऊ शकते. किरण दिलेल्या भागात दहा-वीस वर्षांनी नवा कर्करोग उद्भवण्याचा थोडा पण खरा धोका राहतो, आणि मात्रेबरोबर तो वाढतो.

प्रोटॉन किरण ठरावीक खोलीवर थांबतात, त्यापलीकडच्या अवयवांपर्यंत जवळजवळ पोहोचत नाहीत. त्रिकास्थीजवळच्या गाठींत आतडे वाचवण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून ही सोय उपलब्ध झाली आहे. प्रोटॉनमुळे आसपासची हानी कमी होते. रोग बरा होण्याची शक्यता मात्र केवळ त्यामुळे आपोआप वाढते, असे समजू नये.

युइंग सार्कोमा : निवड कशी होते

या रोगात उपचाराची सुरुवात दोन्हींपैकी कशानेच होत नाही. सुरुवात केमोथेरपीने होते, कारण स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी बहुधा आधीच शरीरात पसरलेल्या असतात. सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करून गाठ किती आटली हे पाहतात, आणि मग शस्त्रक्रिया, किरणोपचार की दोन्ही, हे ठरते.

दोन उपचारांची चिठ्ठ्या टाकून सरळ तुलना करणारी चाचणी या रोगात झालेली नाही. जुन्या नोंदी पाहिल्या तर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अधिक जगलेले दिसतात. पण ज्यांच्या गाठी लहान आणि सोप्या जागी होत्या, त्यांनाच शस्त्रक्रिया मिळाली होती. मोठ्या, अवघड गाठी किरणोपचारांच्या वाट्याला आल्या. त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत. युरोपातील ‘युरो-युइंग ९९’ या गटाच्या श्रोणीच्या रुग्णांचा अभ्यास अधिक उपयोगी आहे : त्रिकास्थी सोडून इतर भागांतील गाठींत शस्त्रक्रिया आणि किरणोपचार दोन्ही मिळालेल्यांचे निकाल अधिक चांगले आढळले, त्रिकास्थीतील गाठींत मात्र केवळ किरणोपचार हा स्वीकारार्ह पर्याय ठरला.

ज्यांची गाठ काढताच येत नाही, अशांसाठी सर्वांत महत्त्वाचे उत्तर मुंबईतून आले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात २००५ ते २०१५ या काळात शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या आणि इतरत्र न पसरलेल्या ९५ रुग्णांची चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीची ५५.८ ग्रे मात्रा दिली, निम्म्यांना ३९ वेळांत ७०.२ ग्रे. पाच वर्षांनी गाठ त्याच जागी आटोक्यात राहण्याचे प्रमाण नेहमीच्या मात्रेत ४९.४ टक्के, तर वाढीव मात्रेत ७६.४ टक्के आले. पायाचे काम जवळजवळ पूर्ण टिकलेल्यांचे प्रमाणही वाढीव मात्रेत अधिक होते. एकूण जगण्याच्या प्रमाणात मात्र स्पष्ट फरक सिद्ध झाला नाही, कारण ते प्रमाण फुप्फुसांत व इतरत्र होणाऱ्या प्रसारावरही अवलंबून असते. ‘ऑपरेशन होणार नाही’ हे वाक्य ऐकून आशा सोडणाऱ्या कुटुंबाने ही चाचणी लक्षात ठेवावी. त्या वाक्यानंतरही उपचार असतो, आणि तो बरे करण्याच्या हेतूने दिला जातो.

दुसरीकडून आलेला कर्करोग

पन्नाशीनंतर श्रोणीच्या हाडात गाठ दिसली, तर ती बहुतेक वेळा स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या कर्करोगाची शाखा असते, अथवा मायलोमा हा रक्तपेशींचा रोग असतो. येथे प्रश्नच निराळा होतो. मोठी शस्त्रक्रिया क्वचितच लागते. हाड मोडण्याच्या बेतात असेल, तर सिमेंट वा स्क्रूंनी त्याला आधार देतात. वेदना कमी करण्यासाठी किरणोपचार हा उत्तम उपाय असून दर दहांतील सुमारे सहा जणांना त्याने आराम पडतो. ८ ग्रेची एकच मात्रा वेदनाशमनासाठी पाच किंवा दहा दिवसांच्या उपचाराइतकीच गुणकारी असल्याचे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. एका मात्रेनंतर पुन्हा उपचाराची गरज थोड्या अधिक रुग्णांना पडते, इतकाच फरक. किलवणीहून मुंबईला खेटे घालणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या घरच्यांनी हा पर्याय डॉक्टरांना आवर्जून विचारावा.

मुक्काम, खर्च आणि प्रवास

सिल्वासाहून परळ साधारण १७० किलोमीटर आहे. वापीहून दादरला रेल्वेने जाता येते. शस्त्रक्रियेसाठी काही आठवडे, तर किरणोपचारासाठी सहा ते आठ आठवडे मुंबईत राहावे लागते, आणि रोज प्रवास करणे शक्य नसते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे बाहेरगावच्या रुग्णांची सोय होते. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे आहेत. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव नोंदवावे. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कार्ड निघायचे असेल तर ते गावातूनच काढून निघावे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

गाठीचा नेमका प्रकार कोणता, आणि बायोप्सीचे नमुने कर्करोग केंद्रातील विकृतिशास्त्रज्ञाने पाहिले आहेत का?

खुब्याची खोबण, पायाचा मज्जातंतू आणि त्रिकास्थीतील नसा यांपैकी काय वाचेल?

शस्त्रक्रिया झाली तर निरोगी कडेसह गाठ पूर्ण निघण्याची शक्यता किती? कडेला पेशी उरल्या, तर पुन्हा किरणोपचार लागतील का? तसे असेल, तर दोन्ही उपचारांचे तोटे एकाच रुग्णाला सोसावे लागतील, हे आधीच समजून घ्यावे.

किरणोपचार घेतले तर किती मात्रा, किती दिवस, आणि वाढीव मात्रा किंवा प्रोटॉनचा उपयोग होईल का?

केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी वीर्य साठवता येईल का? मुलीचे बीजकोश किरणांच्या मार्गातून बाजूला सरकवता येतील का? हा प्रश्न संकोचाने मागे राहतो आणि नंतर विचारून उपयोग होत नाही.

सहा महिन्यांनी आणि पाच वर्षांनी रुग्ण काय करू शकेल? मांडी घालून बसणे, भात लावणीत वाकणे, डोंगर चढणे, कारखान्यात आठ तास उभे राहणे, यांतले काय जमेल?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कॉन्ड्रोसार्कोमामध्ये शस्त्रक्रियेवाचून फारसा मार्ग नसतो, आणि दुसरीकडून आलेल्या कर्करोगात तिची गरज क्वचितच असते. तेथे कुटुंबाने डॉक्टरांच्या निर्णयामागे उभे राहावे. पण जेथे दोन्ही उपचारांनी रोग आटोक्यात येण्याची शक्यता जवळपास सारखी आहे, तेथे उरणारा फरक त्या माणसाच्या पुढच्या आयुष्याचा असतो. शल्यचिकित्सक, किरणतज्ज्ञ आणि केमोथेरपीतज्ज्ञ एकत्र बसून ठरवतात, त्या बैठकीपर्यंत रुग्ण काय काम करतो, कसा बसतो-उठतो, कुठे राहतो हे पोहोचवणे कुटुंबाच्या हाती आहे. पंधरा-सोळा वर्षांचा रुग्ण असेल, तर त्यालाही समोर बसवून विचारावे.